सही करायच्या आधी

छत्रपती संभाजीनगर,
२० जानेवारी

चि. सुमेध,


तू पाठवलेले कराराच्या पानांचे फोटो मिळाले. मोबाइलवर अक्षरं दिसेनात, म्हणून टीव्ही सेंटरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणल्या आणि लाल पेन घेऊन बसले. फोनवर तुला काही समजावायला गेले की तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणतोस, तेवढ्यात मागून कुणीतरी तुला हाक मारतं आणि बोलणं तिथंच राहतं. म्हणून कागदावर लिहिते आहे. हे पत्र जपून ठेव, बाळा, आणि त्या म्युझिक कंपनीच्या ऑफिसात जायच्या आधी एकदा निवांत वाच.

आधी घरचं सांगते. तुझ्या बाबांचा, म्हणजे दादाचा, गुडघा आता बरा आहे, पण जिना चढताना अजून भिंत धरतो. तुझ्या आईनं तिळाचे लाडू डब्यात भरून ठेवलेत. कुणी मुंबईला निघालं की त्याच्या हाती देणार आहे. नळाचं तसंच आहे, पाणी येईल त्या दिवशी सगळी कामं बाजूला ठेवून ड्रम भरायचे. तुझ्या गाण्याचा व्हिडिओ तुझ्या आईनं गल्लीत सगळ्यांना दाखवलाय. दादा तोंडावर काही बोलत नाही, पण परवा रात्री कानाला फोन लावून एकटाच ऐकत बसला होता. मी पाहिलं, पण बोलले नाही.

१४ तारखेला नामविस्तार दिनासाठी विद्यापीठाच्या गेटवर गेले होते. तू लहान असताना दादा तुला खांद्यावर बसवून न्यायचा, तशीच गर्दी यंदाही होती. परभणी, जालना, बीड, नांदेड, सगळीकडून माणसं आलेली. पोरीबाळी पांढऱ्या साड्यांत, म्हातारे निळ्या टोप्यांत. १९७८ साली विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि १९९४ साली बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाला लागलं. मधल्या वर्षांत आपल्या मराठवाड्यात घरं जळाली, माणसं गेली. तरी लोक उभे राहिले, आणि त्यांना उभं करण्यात गाणाऱ्यांचा वाटा फार मोठा होता. पेपर न वाचणाऱ्या बायकांना आंदोलन कळलं ते गाण्यांतून.

तर गेटजवळ पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत एक पोरगा स्पीकर लावून पेनड्राइव्ह विकत होता. वामनदादा कर्डकांचं गाणं लागलं होतं. कॉलेजातल्या एका मुलीनं त्याला विचारलं, ‘हे कुणाचं हो?’ तो म्हणाला, ‘पारंपरिक आहे, ताई.’ मी मध्ये पडणार तेवढ्यात शेवटचं कडवं आलं आणि त्यात वामनदादांचं नाव आलं. त्या मुलीनं लगेच वहीत लिहून घेतलं. वामनदादांनी नाव गाण्यातच ओवून ठेवलं होतं म्हणून ते तिच्यापर्यंत पोचलं. विकणाऱ्याच्या भरवशावर राहिलं असतं तर पोचलं नसतं.

मला तिथं तुझी आठवण झाली, सोन्या, आणि जरा काळजीही वाटली. तू डिसेंबरात टाकलेला व्हिडिओ पुन्हा उघडून पाहिला. गाणं वामनदादांचं. तुझा आवाज गोड लागलाय, ढोलकीच्या जागी तुझ्या मित्राचा बीट आहे, तोही मला आवडला. खाली गायक म्हणून तुझं नाव, बीटवाल्याचं नाव, कॅमेरावाल्याचं नाव, कपडे देणाऱ्या दुकानाचंही नाव. गीतकार कुठेच नाही. आणि शेवटचं कडवं तू गायलाच नाहीस. व्हिडिओ लांबत होता म्हणून गाळलं असशील, मला कळतं. पण गाळलं ते नेमकं त्यांचं नाव असलेलं कडवं.

वामनदादा कोण होते हे तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण तुझ्या मित्रांना तूच सांगणार आहेस. १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत त्यांचा जन्म झाला. शाळा मिळाली नाही. मुंबईला आले, पडेल ते काम केलं, गिरणीत राबले. एकदा चाळीत कुणीतरी त्यांच्याकडे पत्र आणलं आणि वाचून दाखवा म्हणालं. त्यांना वाचता येत नव्हतं. चांगला उंचापुरा, बोलका माणूस, आणि हातातलं पत्र तसंच परत द्यावं लागलं. ते त्यांना इतकं लागलं की मोठ्या वयात ते बाराखडी शिकले, आणि मग रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं पक्की केली. अक्षरं अशी कमावलेल्या माणसानं १९४३ साली पहिलं गाणं रचलं आणि पुढची साठ वर्षं थांबला नाही. हजारो गाणी. गावोगाव, वस्तीवस्तीत, मिळेल त्या वाहनानं, मिळेल त्या बिदागीवर. सिनेमासाठीही लिहिलं, ‘सांगते ऐका’मध्ये त्यांचं गाणं आहे. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ आणि ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह निघाले. शेवटच्याच्या तर नावातच त्यांचं नाव आहे. १९९३ साली वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १५ मे २००४ ला गेले.

इतक्या गाण्यांच्या मानानं त्यांच्या हाती पैसा काय आला असेल, ते तूच समज. ज्यांच्यासाठी ते गायले त्यांच्याकडेही द्यायला फार नव्हतं. त्यांच्या गाण्यांवर पुढे बँडवाल्यांनी कमावलं, कॅसेटवाल्यांनी कमावलं, आता मोबाइलवाले कमावतायत. पण नाव कुणाला काढून घेता आलं नाही. संतांनी अभंगात जे केलं, तुका म्हणे, नामा म्हणे, तेच त्यांनी केलं. लोक याला कवीची हौस समजतात. मला वाटतं ते त्यांचं नोंदणी कार्यालय होतं. नोंद गाण्यात, आणि गाणं लाखो तोंडांत.

आता आबांची, तुझ्या आजोबांची, गोष्ट सांगते. दादानं तुला ती कधी सांगितली नसेल. त्याला अजून त्रास होतो. आबा रचायचे. वामनदादांच्या आसपासही जाणार नाही असं, पण जयंतीला आपल्या वस्तीत आणि खेड्यापाड्यांत लोक आवडीनं ऐकायचे असं. निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती, शाईनं लिहिलेली. कॅसेटच्या दिवसांत एक गायक घरी आला, जेवला, आबांच्या पाया पडला आणि वही मागून घेऊन गेला. वर्ष उलटलं असेल. आबा बसस्टँडवर चहा प्यायला थांबले आणि टपरीवर त्यांचं गाणं लागलं. ते इतके हरखले की चहावाल्याला कॅसेटचं वेष्टन दाखव म्हणाले. त्यावर गीत आणि संगीत ‘पारंपरिक’ असं छापलेलं. आबांनी पैसे देऊन ती कॅसेट विकत घेतली. घरी आणून आईला ऐकवली. आईनं विचारलं, तुमचं नाव कुठंय? तर म्हणाले, ‘गाणं चाललंय ना, मग झालं.’ वही परत आली नाही. त्यांच्या गाण्यांत नाव गुंफलेलं नव्हतं, कुठं तारीख नव्हती, दुसरी प्रत नव्हती. आज ते गाणं कुणी लावलं तर ते माझ्या बापाचं आहे हे मी छातीठोकपणे सांगू शकते, पण दाखवू काही शकत नाही.

मी जन्मभर दस्त नोंदणीच्या कचेरीत कारकुनी केली. समोर बसलेला शेतकरी अंगठा उठवताना किंवा सही करताना कागदाकडे पाहत नाही, समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो, हे मी रोज बघितलं. चेहरा चांगला वाटला की सही करतो. तुझ्या आवाजात परवा मला तेच ऐकू आलं. ‘आत्या, माणसं खूप चांगली आहेत.’ असतील रे, नाही कुठं म्हणते मी? पण तुझं आणि त्यांचं भांडण झालं तर ती चांगली माणसं तिथं नसतील. कागद असेल.

तुला ते ‘लायन किंग’ किती आवडायचं, आठवतं? सुट्टीत माझ्याकडे आलास की तीच सीडी. त्यात ते दोघं सोबती रात्रीच्या सिंहाचं गाणं गात चालतात, आणि तू पलंगावर उभा राहून ‘विमोवे विमोवे’ करायचास. त्या गाण्याचा मूळ धनी होता सॉलोमन लिंडा, दक्षिण आफ्रिकेतला झुलू माणूस, १९०९ सालचा जन्म. आफ्रिकेचा म्हणून परका धरू नकोस. आपलं हे शहर १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलं ते मलिक अंबरनं, आणि तोही इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनला आलेला. त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव चापू होतं असं इतिहासकार सांगतात. ते वाटेत कुठेतरी मालकांनी पुसलं. पाणचक्कीजवळून जाताना मला हे दर वेळी आठवतं.

लिंडा खेड्यातून जोहान्सबर्गला कामासाठी आला. आपली माणसं गिरणीसाठी मुंबईला गेली, तसाच. गॅलो नावाच्या रेकॉर्ड कंपनीत तो रेकॉर्ड डब्यात भरायचं काम करायचा, आणि ‘इव्हिनिंग बर्ड्स’ नावाचा त्याचा गाण्याचा ताफा होता. १९३९ मध्ये त्याच कंपनीच्या स्टुडिओत त्यांनी ‘म्बुबे’ म्हणजे ‘सिंह’ हे गाणं म्हटलं. तिसऱ्या वेळी गाताना शेवटी शेवटी लिंडानं वरच्या पट्टीत एक तान तिथल्या तिथं सुचेल तशी घेतली. आज सगळं जग गुणगुणतं ती चाल तीच. गाणं तिकडे इतकं गाजलं की दहा वर्षांत लाखाच्या आसपास रेकॉर्ड खपल्या आणि त्या धाटणीच्या गाण्यालाच म्बुबे म्हणू लागले. आणि हक्क? दहा शिलिंगांना त्या कंपनीला लिहून दिले. लिंडाला लिहितावाचता येत नव्हतं.

पुढे ती रेकॉर्ड अमेरिकेत गेली. पीट सीगर आणि त्यांच्या वीव्हर्स मंडळींनी ती पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला गायली आणि कर्ता म्हणून पॉल कॅम्पबेल असं टोपणनाव छापलं गेलं. असा माणूसच नव्हता. सीगरना मूळ गायकाचं नाव कळल्यावर त्यांनी आपल्याकडून १,००० डॉलर पाठवले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. १९६१ मध्ये टोकन्स नावाच्या पोरांनी त्यावर इंग्रजी शब्द चढवून ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ काढलं आणि ते अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, लिंडा मूत्रपिंडाच्या आजारानं वारला. बँकेत पंचवीस डॉलरही नव्हते. कबरीवर दगड बसवायला घरच्यांना अठरा वर्षं लागली. त्याच्या बायकोनं, पुढे मुलींनीही, समोर आलेल्या कागदांवर सह्या करून दिल्या. सही करणारी पिढी बदलली, कागद तसाच राहिला.

मग २००० साली रायन मलान नावाच्या पत्रकारानं हे सगळं खणून काढलं. वकिलांना हाती लागला तो ब्रिटिशांचा १९११ चा जुना कायदा. त्यात असं होतं की कर्त्यानं हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते वारसांकडे परत येतात. २००४ मध्ये डिस्नीवर दावा लागला, २००६ मध्ये तडजोड झाली, लिंडाचं नाव कर्ता म्हणून मान्य झालं आणि मुलींना वाटा मिळाला. तेव्हा गाणं होऊन सदुसष्ट वर्षं झाली होती. नोंदणीच्या कचेरीत आयुष्य गेलं म्हणून असेल, पण ते वाचून मी रडले नाही, मला राग आला. एवढ्या जगप्रसिद्ध गाण्याचा निकाल एका विसरलेल्या कलमावर लागावा!

आता तुझ्या कागदाकडे येते. आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि त्यातली २०१२ ची दुरुस्ती तुझ्या बाजूची आहे, पण ती माहीत असली तरच. तुझ्या करारात लिहिलंय की शब्द, चाल आणि आवाज यांचे सगळे हक्क कायमचे, संपूर्ण विश्वात, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सगळ्या माध्यमांसाठी कंपनीला दिले. मी त्याखाली दोनदा लाल रेघ मारली आहे. आपला कायदा म्हणतो, करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. म्हणूनच ते मुद्दाम ‘कायमचे’ आणि ‘विश्वात’ लिहितात. तू मुदत माग. पाच वर्षं म्हण, सात म्हण, पण आकडा लिहून घे. हक्क देऊन टाकायच्या ऐवजी ठरावीक काळासाठी परवाना देता येतो का, ते विचार. विचारल्यानं कुणी मारत नाही.

दुसरं. गाण्याचे शब्द लिहिणारा आणि चाल बांधणारा यांचा रॉयल्टीतला वाटा २०१२ पासून सोडून देताच येत नाही; तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. तुझ्या करारात एकरकमी पैसे घेऊन ‘यापुढे काहीही मागणार नाही’ असं एक वाक्य आहे. त्या वाक्यावर बोट ठेवून विचार. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ पासून आहे, आणि गायकांची २०१३ मध्ये कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदली गेली. तू लिहितोस, चाल लावतोस आणि गातोस, म्हणजे तुझे तीन वेगळे हक्क आहेत. त्यांनी तिन्ही एका ओळीत गुंडाळलेत. आणखी एक कलम आहे, सत्तावन्नावं. हक्क विकले तरी कर्ता म्हणून नाव सांगायचा अधिकार त्यानं तुझ्याकडे ठेवला आहे. आबांना हे कुणी सांगितलं नाही. तुला मी सांगते आहे.

तिसरं म्हणजे अ‍ॅडव्हान्स. पंचवीस हजार म्हटल्यावर तू पार हवेत होतास. पण पाचव्या पानावर लिहिलंय की व्हिडिओचा, जाहिरातीचा, स्टुडिओचा सगळा खर्च तुझ्या वाट्यातून आधी वळता होईल. तो खर्च किती, हे ठरवणार तेच. म्हणजे तुझ्या वाट्याचा पहिला रुपया कधी सुटेल हे त्यांच्या हातात. खर्चाला वरची मर्यादा लिहून माग आणि हिशेब वर्षातून दोनदा मिळेल असं घालून घे. आणि गाणं त्यांच्या नावावर गेलं की तू तुझ्याच चॅनेलवर ते टाकलंस तरी तक्रार तुझ्यावर लागू शकते, हेही लक्षात घे.

बीटवाल्या मित्राशीही कागद कर. तो तुझा जिवलग आहे, म्हणूनच कर. शब्द कुणाचे, चाल कुणाची, बीट कुणाचा, कुणाचा किती वाटा, तारीख आणि दोघांच्या सह्या. मैत्री चांगली असते तेव्हाच हे लिहायला सोपं जातं. आणि तुझी प्रत्येक रचना तारखेसह वहीत, तिचं कच्चं रेकॉर्डिंग वेगळ्या ठिकाणी, आणि एक प्रत मला ईमेलनं पाठवायची. मला गाणं कळो न कळो, माझ्याकडे ती राहील. वही मात्र कुणालाही द्यायची नाही. पाया पडणाऱ्यालाही नाही.

तुला वाटेल आत्या नुसतं कायद्याचंच बोलते. तसं नाही. तुझ्या गाण्याचं मला फार कौतुक आहे. आपल्या माणसांत गळा काही नवा नाही. प्रल्हाद शिंदेंचा आवाज आषाढीला विठ्ठलाच्या मंडपात लागतो आणि एप्रिलात बाबासाहेबांच्या मिरवणुकीतही लागतो. जात विचारल्याशिवाय घरात न घेणाऱ्यांनीही तो आवाज घरात घेतला. कव्वालीच्या मैफलींपासून सुरुवात केलेला हा माणूस वामनदादांच्या मागोमागच, २३ जून २००४ ला गेला. विठ्ठल उमप तर २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मंचावरच कोसळले आणि गेले. लोक म्हणतात, केवढं भाग्याचं मरण. मी तसं म्हणणार नाही. एकोणऐंशी वर्षांचा माणूस होता तो, त्यानं आणखी दहा वर्षं घरी बसून नातवंडांना गाणं शिकवलं असतं तर मला जास्त आवडलं असतं. तू रात्री तीनपर्यंत स्टुडिओत असतोस आणि सकाळी डिलिव्हरीच्या कामावर निघतोस, हे मला तुझ्या आईकडून कळलं. जेवतोस का वेळेवर? गळ्याला थंड पाणी नको, आणि झोप मोडून गाऊ नकोस. आवाज एकदा बसला की कंपनी दुसरा मुलगा शोधेल.

मिरियम मकेबा नावाची गायिका होती, लिंडाच्याच देशातली. अमेरिकेतल्या तिच्या पहिल्या रेकॉर्डवर, १९६० साली, तिनं लिंडाचं म्बुबे गायलं होतं. त्याच वर्षी तिची आई वारली, आणि ती मातीला निघाली तर तिच्या सरकारनं तिचा पासपोर्ट रद्द केल्याचं कळलं. जग तिला डोक्यावर घेत होतं आणि तिला स्वतःच्या घरी जाता येत नव्हतं. १९९० मध्ये ती परतली, तीस वर्षांनी. तुला कुणी अडवलेलं नाही, राजा. दिवाळीला आला नाहीस, संक्रांतीला आला नाहीस. तुझी आई बोलून दाखवत नाही, पण लाडवांचा डबा रोज उघडून बघते.

मला तू मोठा व्हायला हवा आहेस. वामनदादांइतका मोठा नाही झालास तरी चालेल, पण तुझ्या नातवानं तुझं गाणं ऐकलं तर त्याला ते कुणाचं हे कुणाला विचारावं लागू नये. आणि जे तुला स्वतःसाठी हवंय ते आधी दुसऱ्याला दे. कर्ता गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. वामनदादांचे २०६४ संपेपर्यंत राहणार. तू त्या व्हिडिओवर उद्या पैसे कमवायला लागलास तर त्यांच्या घरच्यांची परवानगी घ्यायला हवी. दारात जा, पाया पड, रीतसर लिहून घे. मी येते सोबत, मला नाशिक काही लांब नाही.

तर एवढं ऐक. ते गाणं शेवटच्या कडव्यासकट पुन्हा म्हण आणि खाली गीतकार वामनदादा कर्डक असं ठळक लिही. जुन्या व्हिडिओखाली तर हे पत्र मिळेल त्याच दिवशी टाक. करारावर सही करू नकोस. कंपनीला सांग, घरच्यांना दाखवून पुढच्या आठवड्यात कळवतो. खरी कंपनी असेल तर थांबेल. रात्रीच्या देवगिरीनं निघ, पहाटे मी स्टेशनवर असेन. माझ्या ओळखीतल्या एक वकीलबाई कॉपीराइटचीच कामं बघतात, त्यांची शनिवारची वेळ घेऊन ठेवली आहे. मूळ कागद आण, सगळी पानं, मागची बाजूसुद्धा.

तुझीच,
आत्या